कर्करोगाच्या प्रयोगशाळेत आपली लेक का हवी?

गेल्या वर्षावासात एका रविवारी वंदना झाल्यावर आमच्या विहारात मला आरोग्यावर बोलायला उभे केले. विषय तोंडाच्या कर्करोगाचा होता. मिश्री, तंबाखू, गुटखा. दोन-तीन आठवडे न भरणारी जखम, तोंडातला पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड पूर्ण न उघडणे, हे सगळे नेहमीप्रमाणे सांगून झाले. शेवटी म्हटले, कुणाला काही विचारायचे आहे का? मागच्या रांगेतली एक मुलगी उठली. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती, विषय मायक्रोबायोलॉजी. तिने विचारले, "ताई, कॅन्सरवर संशोधन करायचं असेल तर डॉक्टरच व्हावं लागतं का?"

डॉक्टर व्हावे लागत नाही, एवढे मी तिथेच सांगितले. पण खीरदान झाल्यावर तिच्या आईने मला बाजूला घेतले. "सिस्टर, सातपूरला एका लॅबमध्ये हिला काम मिळतंय. बारा हजार देणार आहेत. अजून किती वर्षं शिकवायचं? आणि एवढं शिकून हाती काय लागणार?" त्या माउलीचा प्रश्न चुकीचा नव्हता. तिचे घर तिच्या एकटीच्या कमाईवर चालते. बारा हजार म्हणजे भाडे, किराणा आणि धाकट्याची फी.

मी जी.एन.एम. केलेली नर्स आहे. प्रयोगशाळेत संशोधन मी कधी केले नाही. तिथे तयार झालेले औषध रुग्णाच्या शिरेत सोडायचे काम मात्र वर्षानुवर्षे केले. त्यामुळे औषध कुणापर्यंत पोहोचते आणि कुणापर्यंत पोहोचत नाही, हे मी खाटेशेजारी उभी राहून पाहिले आहे. त्या आईला मी त्या दिवशी अर्धेच उत्तर दिले. उरलेले उत्तर या लेखात लिहीत आहे, कारण असा प्रश्न आपल्या अनेक घरांत आहे.

आपल्याच शरीरातला पहारा

नोकरीच्या सुरुवातीला युरॉलॉजी वॉर्डात माझी ड्यूटी होती. एका आजोबांना मूत्राशयाचा कर्करोग होता. त्यांच्या केसपेपरवर लिहिले होते, कॅथेटरमधून बीसीजी सोडणे. मी गोंधळले. बीसीजी म्हणजे बाळ जन्मल्यावर डाव्या दंडावर देतात ती टीबीची लस. ती म्हाताऱ्या माणसाच्या मूत्राशयात कशाला? वरिष्ठ सिस्टरने समजावून सांगितले. ही लस कर्करोगाला थेट मारत नाही. ती मूत्राशयाच्या अस्तरापाशी शरीराच्या प्रतिकारशक्तीला जागे करते, आणि जागी झालेली प्रतिकारशक्ती कर्करोगाच्या पेशींवर तुटून पडते. या उपचाराचा पहिला अहवाल १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि आजही तो जगभर वापरला जातो.

शरीराची हीच ताकद कर्करोगाविरुद्ध कशी वापरायची, याचा अभ्यास म्हणजे कर्करोगाची इम्युनॉलॉजी.

आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये टी-पेशी नावाच्या पेशी असतात. त्या शरीरभर गस्त घालतात. कोणती पेशी आपली, कोणती परकी, कोणती बिघडलेली, हे त्या हात लावून तपासतात म्हणा ना. विषाणू शिरलेली पेशी सापडली की तिला मारतात. कर्करोगाची अडचण अशी की तो बाहेरून येत नाही. तो आपल्याच पेशींचा बिघाड आहे. त्यामुळे टी-पेशींना तो ओळखायला जड जातो. शिवाय कर्करोगाची पेशी चलाख असते. टी-पेशी भलत्यावर हल्ला करू नयेत म्हणून निसर्गाने त्यांना ब्रेक दिलेला आहे. कर्करोगाची पेशी नेमका तोच ब्रेक दाबून धरते. पहारेकरी दारात उभा असतो, पण त्याचे हात बांधलेले असतात.

हे ब्रेक कसे काम करतात आणि ते सोडवले तर काय होते, हे शोधणाऱ्या अमेरिकेच्या जेम्स ॲलिसन आणि जपानच्या तासुकू होन्जो यांना २०१८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यातून निव्होलुमॅबसारखी इंजेक्शने आली. दुसरी वाट म्हणजे रुग्णाच्या टी-पेशी बाहेर काढून त्यांना कर्करोग ओळखायला शिकवणे आणि परत शरीरात सोडणे. तिला कार-टी उपचार म्हणतात.

इथे एक सूचना. 'इम्युनिटी वाढवून कॅन्सर बरा करतो' म्हणून बाजारात जी चूर्णे, काढे आणि ज्यूस विकले जातात, त्यांचा या शास्त्राशी काही संबंध नाही. भगवान बुद्धांनी कालामांना दिलेली शिकवण आपण विहारात ऐकतो: कुणी मोठा माणूस सांगतो म्हणून मानू नका, पारखून घ्या. औषधाच्या बाबतीत पारखणे म्हणजे चाचणी. काही रुग्णांना नवे औषध, काहींना जुने, आणि दोन्ही गटांचा प्रामाणिक हिशेब. असा हिशेब ज्या पुडीवाल्याकडे नाही, त्याच्याकडे पैसे घालवू नका, आणि त्याच्या नादाने चालू उपचार तर मुळीच सोडू नका.

मुंबईत लागलेले दोन शोध

हे सगळे अमेरिका-जपानचे काम आहे, आपला त्यात काय संबंध, असे वाटेल. म्हणून आपल्याच राज्यातल्या दोन गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट तोंड, जबडा आणि घशाच्या कर्करोगाची. निव्होलुमॅब या रोगात उपयोगी पडते हे सिद्ध झाले होते, पण किंमत अशी की ऐकूनच माणूस खाली बसतो. मला एक मुलगा आठवतो. वडिलांसाठी लिहून दिलेल्या इंजेक्शनच्या खर्चाचा कागद त्याने वाचला, चार घड्या घालून खिशात ठेवला आणि काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी ते डिस्चार्ज घेऊन गावी गेले.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात विजय पाटील, वनिता नोरोन्हा, कुमार प्रभाष या डॉक्टरांच्या गटाने एक साधा प्रश्न विचारला. एवढा मोठा डोस खरोखर लागतो का? नेहमीचा डोस २४० मिलिग्रॅमचा. त्यांनी दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम देऊन पाहिला. सोबत घरी घ्यायच्या स्वस्त गोळ्या. रोग बरा होण्याच्या पलीकडे गेलेल्या १५१ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला नुसत्या गोळ्या, दुसऱ्याला गोळ्या आणि हे छोटे इंजेक्शन. एक वर्षानंतर गोळ्यांच्या गटात शंभरातले सुमारे १६ रुग्ण जिवंत होते, इंजेक्शनच्या गटात सुमारे ४३. हे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. हा आजार बरा झाला असे कुणी म्हटलेले नाही. पण एक वर्ष म्हणजे काय असते ते ज्याच्या घरी रुग्ण आहे त्याला विचारा. मुलीचे लग्न पाहता येते, नातवाला मांडीवर घेता येते.

दुसरी गोष्ट कार-टीची. आयआयटी मुंबईत डॉ. राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेत भारतीय बनावटीची कार-टी घडवायला सुरुवात झाली. रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी वेगळ्या काढायच्या, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या मदतीने त्यांच्यात एक नवे जनुक घालायचे, म्हणजे त्या पेशींवर एक नवा 'हात' उगवतो. हा हात रक्ताच्या काही कर्करोगांतील पेशींवर असलेली सीडी-१९ नावाची खूण पकडतो. मग त्या पेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि सलाईनसारख्या रुग्णाला परत द्यायच्या. ४ जून २०२१ रोजी टाटा मेमोरियल सेंटरच्या खारघर येथील ॲक्ट्रेक या केंद्रात देशातला असा पहिला उपचार झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये औषध नियंत्रकांनी नेक्सकार-१९ या नावाने त्याला मान्यता दिली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते तो आयआयटी मुंबईत देशाला अर्पण झाला. ज्या रुग्णांवर आधीचे उपचार हरले होते, त्यांतल्या साधारण ७३ टक्के रुग्णांत याचा गुण दिसला. अमेरिकेत अशा उपचाराच्या एका डोसाला तीन कोटींहून अधिक रुपये पडतात. आपल्याकडे तो साधारण दहाव्या हिश्शात झाला. तरीही तो लाखोंच्या घरात आहे, आणि लाखो रुपये आपल्या वस्तीत कुणाकडे आहेत? शिवाय हा उपचार रक्ताच्या ठरावीक कर्करोगांवर चालतो, तोंडाच्या किंवा स्तनाच्या गाठीवर अजून नाही. म्हणजे काम संपलेले नाही. पुढच्या पिढीसाठी ते भरपूर उरले आहे.

प्रश्न कोण विचारतो?

या दोन्ही गोष्टींत मला एकच सूत्र दिसते. औषध विकणाऱ्या परदेशी कंपनीला 'डोस कमी करून बघू' असे कशाला वाटेल? तो प्रश्न त्यांनाच सुचला ज्यांच्या ओपीडीत रोज असा घडी घातलेला कागद घेऊन माणसे येत होती. ज्याने जे पाहिलेले असते, त्याचाच प्रश्न त्याला पडतो.

आता आपल्या घरांकडे पाहा. आपल्या आज्या, आत्या पहाटे उठून मिश्री लावायच्या, अजूनही लावतात. भुकेवर उतारा म्हणून तंबाखू मळली जाते. नाका कामगार, सफाई कामगार, द्राक्षबागेत औषध फवारणारे, सिडको-सातपूरच्या कारखान्यांत कंत्राटावर राबणारे, ही आपली माणसे. रोग दिसला तरी रजा मिळत नाही म्हणून दवाखान्यात उशिरा जाणारेही आपणच. नाशिकहून कितीतरी कुटुंबे रुग्णाला घेऊन परळला जातात आणि दादरच्या गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत जागा मिळते का बघतात. या जगण्यातून निघणारे प्रश्न प्रयोगशाळेत कोण घेऊन जाणार? ज्याच्या आजीने मिश्री लावली, तोच आधी विचारेल की मिश्रीने तोंडातल्या पहारेकरी पेशींचे नेमके काय होते, आणि घरकाम, भांडीकुंडी करणाऱ्या बाईला महिन्याकाठी परवडेल असा उपचार कसा करता येईल.

अजून एक बाजू आहे. संशोधनाला रुग्णाचे रक्त लागते, गाठीचा तुकडा लागतो. ते सरकारी आणि धर्मादाय रुग्णालयांतून येतात, म्हणजे पुष्कळदा आपल्यासारख्यांच्या शरीरातून येतात. १९५१ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात हेन्रिएटा लॅक्स या गरीब कृष्णवर्णीय बाईच्या गर्भाशयमुखाच्या गाठीचा तुकडा तिला न विचारता घेतला गेला. ती त्याच वर्षी वारली. पण तिच्या पेशी प्रयोगशाळेत वाढत राहिल्या आणि हेला या नावाने जगभर पोहोचल्या. त्यांच्यावर हजारो शोध उभे राहिले. तिच्या मुलाबाळांना कित्येक वर्षे याचा पत्ताही नव्हता. आज आपल्याकडे नियम आहेत. रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती देऊन लेखी संमती घ्यावी लागते, प्रत्येक प्रकल्प नैतिकता समितीपुढे जातो. पण मराठीत, वस्तीच्या बोलीत, मान देऊन ती माहिती सांगणारा माणूस टेबलाच्या पलीकडे असेल तर त्या संमतीला खरा अर्थ येतो. आपले रक्त प्रयोगशाळेत जाते, तर आपली लेक का जाऊ नये?

संशोधक घडतो कसा?

ज्या प्रयोगशाळेत हेला पेशी वाढवल्या गेल्या, ती जॉर्ज गाय यांची. त्यांच्याकडेच पुण्याच्या एका बाईने पेशी वाढवण्याची विद्या शिकली. कमल रणदिवे, जन्म १९१७. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्राचे प्राध्यापक. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये डॉ. वसंत खानोलकर यांच्या हाताखाली काम करून त्यांनी १९४९ मध्ये पीएच.डी. मिळवली, फेलोशिपवर अमेरिकेला गेल्या आणि परत येऊन मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा उभी केली. परदेशी गेलेल्या तरुण शास्त्रज्ञांना त्यांनी परत बोलावून नव्या विभागांवर नेमले. १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन करण्यात त्या पुढे होत्या. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. त्यांचे हे केंद्रच पुढे कर्करोग संशोधन संस्था झाले आणि २००२ मध्ये परळहून खारघरला गेले. तेच आजचे ॲक्ट्रेक. तिथेच डॉ. शुभदा चिपळूणकर यांनी तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांतील गॅमा-डेल्टा टी-पेशींवर वर्षानुवर्षे काम केले, विद्यार्थी घडवले आणि त्या संस्थेच्या संचालकही झाल्या.

म्हणजे ही विद्या हातातून हातात जाते. खानोलकरांकडून रणदिव्यांकडे, तिथून पुढे. पुस्तक वाचून ती येत नाही. नर्सिंगसारखेच आहे. शीर कशी शोधायची हे पुस्तकात असते, पण सुई हातात धरून शंभर वेळा केल्याशिवाय हात बसत नाही.

नवा संशोधक विद्यार्थी काय करतो? पहिली काही वर्षे तो पेशी जिवंत ठेवायला शिकतो. ३७ अंश तापमान आणि पाच टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या पेटीत पेशी वाढतात. दोन-तीन दिवसांनी त्यांचे 'खाणे' बदलावे लागते, रविवार असो की दिवाळी. एक बुरशीचा कण शिरला की महिन्याचे काम वाया. फ्लो सायटोमीटर नावाच्या यंत्रातून एकेक पेशी प्रकाशाच्या झोतापुढून सोडून टी-पेशी किती, त्यांतल्या दमलेल्या किती, हे मोजायला शिकतो. प्रत्येक गोष्ट तारखेनिशी वहीत लिहितो, फसलेला प्रयोगही. आठवड्यातून एकदा सगळ्यांसमोर उभा राहून कुणाचा तरी शोधनिबंध फाडून दाखवतो आणि स्वतःच्या कामावरची टीका ऐकतो. अशी पाच-सहा वर्षे गेली की पीएच.डी. होते.

नेक्सकार-१९ च्या मागेही अशीच वर्षे आहेत. त्या कामात पीएच.डी.चे विद्यार्थी होते. त्यांतल्याच एक, अलका द्विवेदी, पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत गेल्या. वर्तमानपत्रात प्रमुखाचा फोटो येतो, पण रात्री अकरा वाजता पेशी बघायला जाणारे हात पंचविशीतल्या मुलामुलींचे असतात.

वाट कशी आहे?

आता त्या आईच्या प्रश्नाचे रोकडे उत्तर.

बी.एस्सी. कुठल्याही जीवशास्त्रीय विषयात चालते: मायक्रोबायोलॉजी, बायोटेक्नॉलॉजी, प्राणिशास्त्र, बायोकेमिस्ट्री. पुढे एम.एस्सी. दोन वर्षे. एम.एस्सी. करतानाच सुट्टीत एखाद्या संशोधन संस्थेत काही आठवडे काम शिकण्यासाठी अर्ज करावा. भारतातल्या विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात, तिचीही चौकशी करावी. मोठ्या प्रयोगशाळेचे दार आतून पाहिले की भीती निम्मी होते.

एम.एस्सी.नंतर सीएसआयआरची नेट, आयसीएमआरची जेआरएफ, जैवतंत्रज्ञान विभागाची परीक्षा किंवा गेट, यांतली एखादी द्यायची. मग ॲक्ट्रेक, पुण्याचे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र, आयआयटी मुंबई अशा ठिकाणी पीएच.डी.साठी मुलाखत. ॲक्ट्रेकची पीएच.डी. होमी भाभा राष्ट्रीय संस्थेची असते.

आणि इथे पालकांना ठाऊक नसलेली गोष्ट: पीएच.डी. हे नुसते शिकणे नाही, त्याला दरमहा पैसे मिळतात. जानेवारी २०२३ पासून जेआरएफला महिना ३७,००० आणि दोन वर्षांनी एसआरएफ झाल्यावर ४२,००० रुपये, वर घरभाडे भत्ता. म्हणजे खरा कस लागतो तो बी.एस्सी. आणि जेआरएफच्या मधल्या दोन-तीन वर्षांचा. तेवढा पूल बांधायचा आहे.

त्या पुलासाठी काही लाकडे सरकारी आहेत. महाडीबीटीवरची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि फ्रीशिप. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना; पीएच.डी.साठी अनुसूचित जातींची राष्ट्रीय फेलोशिप आणि बार्टीची अधिछात्रवृत्ती. परदेशासाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती, तिच्या ७५ जागा. अटी आणि तारखा बदलत असतात. दरवर्षीची जाहिरात स्वतः वाचावी.

एक गोष्ट विशेष सांगते, कारण यात आपली मुले अडकतात. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती मिळतात. पण केंद्रीय परीक्षेला आणि फेलोशिपला केंद्राच्या नमुन्यातला जातीचा दाखला लागतो. अर्जाची मुदत चार दिवसांवर आल्यावर तो मिळत नाही. बारावीलाच जात पडताळणी आणि केंद्राच्या नमुन्याचा दाखला काढून ठेवा.

वाटेतले काटे

वाट गोड करून सांगणार नाही. फेलोशिप मंजूर होते, पण पैसे महिनोन्महिने येत नाहीत. बार्टीच्या अधिछात्रवृत्तीसाठी आपल्या संशोधक विद्यार्थ्यांना मुंबईच्या आझाद मैदानात आंदोलनाला बसावे लागले, ही फार जुनी गोष्ट नाही. ज्याच्या घरी मागे शेतीवाडी आहे तो सहा महिने थांबू शकतो. आपला विद्यार्थी खोलीचे भाडे कुठून देणार? तो मधेच सोडतो, आणि लोक म्हणतात याला जमले नाही.

बाबासाहेबांचे आयुष्य आठवा. १९१३ मध्ये सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबियाला गेले, तिथून लंडनला. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. मग सिडनहॅम कॉलेजात नोकरी करून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत झाली, मित्राकडून कर्ज घेतले आणि १९२० मध्ये ते परत लंडनला गेले. शिष्यवृत्ती तुटली की काय होते हे त्यांनी भोगले होते. म्हणून १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी सरकारला निवेदन दिले आणि अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी पैसा मागितला. त्यात त्यांचा भर विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या प्रगत शिक्षणावर होता. आपण त्यांची वकिली आणि राज्यघटना डोक्यावर घेतो, विज्ञानाचा हा आग्रह मात्र विसरतो. आपल्याकडे हुशार मूल म्हटले की एमपीएससी, नाहीतर एमबीबीएस.

दुसरा काटा भाषेचा. मराठी माध्यमातल्या मुलीला पहिल्या सहा महिन्यांत वाटते की आपल्याला काही येतच नाही. येत असते, फक्त इंग्रजीत सांगता येत नाही. हे सवयीने सुटते. तेवढा धीर घरून मिळाला पाहिजे.

तिसरा काटा जातीचा. मोठ्या संस्थांत तो नसतो असे मानू नका. दिल्लीच्या एम्समधील अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल थोरात समितीने २००७ मध्ये अहवाल दिला आहे, तो या विषयावर पुरेसा बोलका आहे. मुलीला निघतानाच सांगा: संस्थेचा एससी-एसटी कक्ष कुठे आहे ते पहिल्या आठवड्यात पाहून ठेव, झालेले लिहून ठेव, एकटी राहू नको. आणि आपण तिचा फोन घेत राहू.

आपण काय करायचे?

आमच्या विहारात आम्ही चार गोष्टी ठरवल्या. इतर ठिकाणीही करता येतील.

१. दहावीपासून पुढच्या प्रत्येक विद्यार्थ्याची दाखल्यांची फाईल तपासायची. उत्पन्न, जात, पडताळणी, रहिवास. जे कमी असेल त्यासाठी नासर्डी पुलाजवळच्या सामाजिक न्याय भवनात कुणीतरी सोबत जायचे.

२. जयंतीच्या वर्गणीतला ठरावीक हिस्सा परीक्षा फी आणि प्रवासासाठी बाजूला ठेवायचा. फेलोशिप लांबली तर त्यातूनच बिनव्याजी उसने द्यायचे, हप्ता आल्यावर परत घ्यायचे.

३. आपल्यातले जे कुणी पीएच.डी. करत आहेत किंवा करून बसले आहेत, त्यांना वर्षातून एकदा विहारात बोलवायचे. मुलांनी त्यांच्या तोंडून ऐकावे.

४. तोंडाची तपासणी आणि मिश्री-तंबाखू सोडण्याचे शिबिर चालू ठेवायचे. उद्याचे संशोधन उद्या होईल. आजचा कर्करोग आजच लवकर पकडला तर साध्या ऑपरेशनने बरा होतो.

त्या मुलीचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. सातपूरची नोकरी तिने घेतली. सुट्टीच्या दिवशी आणि रात्री अभ्यास करून एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा दिली. यंदा तिला पुण्यात प्रवेश मिळाला. साठवलेल्या पगारातून पहिल्या सहामाहीची सोय झाली, उरलेल्यासाठी आमची वर्गणी आणि स्वाधारचा अर्ज. आई अजूनही मला भेटली की विचारते, "सिस्टर, नक्की होईल ना?" मी तिला खोटी हमी देत नाही. परीक्षा अवघड आहे, जागा थोड्या आहेत. पण प्रयत्न करायचा ठरले तर ती एकटी नाही, एवढे मी सांगू शकते.

तुमच्या घरी, गल्लीत, ओळखीत विज्ञान शिकणारी अशी एखादी मुलगी किंवा मुलगा असेल तर त्याला हा लेख वाचायला द्या. त्याच्या आईवडिलांना आधी द्या.

जय भीम. नमो बुद्धाय.